उलटी आकृती

थोरल्या भावाने, भिकाजीने, सगळ्या घरादेखत पेटी उघडली, तेव्हा आत्मारामला कुठे तोंड लपवू असं झालं.

"ह्या घे तुझ्या गोमा!" भिकाजीने तंबाखूच्या डबीतून वीस पायांच्या दोन काळ्या चिपा काढल्या.

आत्माराम लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करी. टेबलभर सर्किटाचं काम अशी एकच चिप करते, हे त्याने पुस्तकात वाचलं आणि गडी पेटला. चिपेत बारीक फ्यूज असतात. नको ते जाळायचे, उरलेले काम करतात. एकदा जळला तो जळला. जाळायचं यंत्र विकत घेणं बापजन्मी जमलं नसतं, म्हणून सुट्टीत आंजर्ल्याच्या घरी बसून त्याने ते स्वतःच बनवलं. पहिल्या दोन चिपा बोटीवर नोकरीला असलेल्या भिकाजीने मागच्या खेपेला सिंगापुरात हुडकून आणल्या. दोन्ही पहिल्याच दणक्यात मेल्या.

आत्मारामने तडक पत्र धाडलं: दुकानदाराने तुझ्या गळ्यात कुचका माल मारला.

आठवड्याने कळलं, माल चोख होता. पुस्तकातली आकृती त्याने कार्बन लावून तांब्याच्या पत्र्यावर जशीच्या तशी उतरवली होती आणि चिप बसते मागच्या बाजूला. डावे पाय उजवीकडे गेले, फ्यूज जाळणारी जादा वीज भलत्याच पायात शिरली. यंत्र त्याने सुधारलं. दुसरं पत्र मात्र लिहिलं नाही. दादापुढे अक्कल निघाली असती. शिवाय एवढ्याशासाठी कोण भांडायला जातंय!

भिकाजी गेला होता.

"भर बाजारात गचांडी धरली मी त्या दुकानदाराची. म्हातारा सांगत व्हता, माल चांगला हाय. मी आयकतोय होय! शेवटी पाया पडला नि दोन नव्या दिल्यान."

आई, आनंदीबाई, कौतुकाने हसली.

"लाव बघू," भिकाजी म्हणाला.

आत्मारामने एका चिपेतले नको ते फ्यूज जाळून ती लावली. तीन दिवे ओळीने पेटले.

"बघ! खरा माल असा असतो."

आत्मारामचे कान लाजेने तापले. आता गप्प बसलो तर माणसातून उठलो, असं त्याला वाटलं.

"दादा, पयला मालपण खराच व्हता. मीच उलटं केलं. पत्र टाकल्यावर आठवड्यात कळलं मला."

भिकाजीने उरलेली चिप उचलून डबीत ठेवली.

"ही नेऊन देईन," तो म्हणाला. "पण बापाच्या वयाचा माणूस माझ्या पाया पडला रे, आत्मा. ते कसं परत करू?"