मार्कंडा हांडी (ऑर्डरप्रमाणे)

वरोऱ्यापासून आलापल्लीपर्यंत कुठल्याही हॉटेलात बसा, मेनूकार्ड उलटं करा आणि खालच्या कोपऱ्यात पाहा. 'करिश्मा ग्राफिक्स, वरोरा' असं बारीक अक्षरात असेल, पुढे मोबाईल नंबर. तो माझा. करिश्मा माझी मुलगी, ती नागपूरला नर्सिंग करते. पण या रस्त्यावरचे सगळे हॉटेलवाले मलाच करिश्माबाई म्हणतात आणि आता मीही हाकेला ओ देते. कॉम्प्युटर मी कुणाकडे शिकले नाही. नवऱ्याने मशीन आणलं, त्याला हात लावायची भीती वाटायची, मला वाटली नाही, एवढंच.

आता खरं सांगते. ही सगळी कार्डं एकाच फाइलमधून निघालेली आहेत. हॉटेलचं नाव बदलायचं, भाव बदलायचे, वर कोंबडीच्या चित्राच्या जागी हरणाचं टाकायचं की झालं नवीन कार्ड. आणि त्या फाइलमध्ये शाकाहारी रकान्याच्या तळाला एक ओळ आहे: मार्कंडा हांडी (ऑर्डरप्रमाणे).

असा पदार्थ जगात नव्हता.

बारा वर्षांपूर्वी गुलाम रसूलभाऊंच्या हॉटेलचं पहिलं कार्ड करत होते. मांसाहारी रकान्यात सोळा ओळी, शाकाहारीत पंधरा. खाली पडक्या दातासारखी जागा दिसत होती. समोर भिंतीवर मार्कंड्याच्या देवळाचं कॅलेंडर. मी टाकली ओळ. कंसात 'ऑर्डरप्रमाणे' लिहिलं, कारण तसं लिहिलेलं कुणी मागवत नाही असा माझा समज. गुलाम रसूलभाऊ समोर स्टुलावर बसून माझाच चहा पीत होते. वाकून वाचलं आणि म्हणाले, "देवाच्या गावचं नाव हाय भाभी, शाकाहारीतच राहू द्या. नाई तर मले मार खाऊ घालसान."

लोकांनी मागवली. पहिल्याच महिन्यात मागवली. तेव्हा मला या धंद्यातली एक गोष्ट कळली. स्वतःच्या कार्डावर छापलेलं आपल्याला येत नाही, असं कुठलाही आचारी म्हणत नाही. मालकाला वाटतं, आचाऱ्याला येत असेल. आचाऱ्याला वाटतं, मालकाने कुठून तरी आणली असेल. विचारायची दोघांनाही लाज. असं करत चाळीस हॉटेलांत चाळीस हांड्या शिजायला लागल्या.

मला याचं काही वाटलं नव्हतं. वाटलं ते एकदाच, आलापल्लीत.

दोन वर्षांपूर्वी लोकेशच्या हॉटेलात नव्या कार्डांचा दुसरा गठ्ठा द्यायला गेले होते. पाणी प्यायला मागे गेले, तर टिनाच्या शेडमध्ये अन्नपूर्णा एकटी तीन चुली सांभाळत होती. आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, चाळिशीची बाई. तिच्या आणि गिऱ्हाइकांच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीत ताटाएवढी खिडकी. भरलेलं ताट तिथून जायचं, रिकामं तिथूनच परत यायचं. नऊ वर्षांत तिने एकाही माणसाला आपलं जेवण जेवताना पाहिलं नव्हतं. ती ताटं वाचायची.

"हे पाहा बाई, हा बँकवाला," एक उष्टं ताट मला दाखवत म्हणाली. "भात एका बाजूनं खणते, जशी खाण खणून राह्यला. अन् हा फारेस्टवाला. वांग्याचं देठबी सोडत नाई, पण डाळीले हात लावत नाई. बायकोसंग भांडण झालं की डाळ खाते."

मग माझ्या हातातलं नवं कार्ड घेऊन तिने बोट ठेवलं. "बाई, हे मार्कंडा हांडी कशी करते वं? मालकाले इचारलं तर म्हणते, तुले येत नसन तर दुसरी पाहातो."

खरं बोलायची ती जागा होती. मी म्हणाले, "ज्याच्या त्याच्या हातची असते गं." आणि पाणी न पिताच निघाले.

मागच्या महिन्यात दुकानात प्रफुल आला. ताडोब्याजवळच्या एका रिसॉर्टचा शेफ. नागपूरचा पोरगा, गोवा-दुबई करून आलेला, बाहीवर तिरंगी पट्टी, बोलणं एकदम गुळगुळीत. त्याच्या हातात सात हॉटेलांची सात कार्डं होती.

"ताई, ही मार्कंडा हांडी प्रत्येक कार्डावर आहे. इतक्या ठिकाणी आहे म्हणजे मूळ कुठेतरी असणारच. आणि प्रत्येक कार्डावर तुमचा नंबर. तुम्हाला माहीत असेल मूळ कुठलं."

मी कीबोर्ड पुसायला घेतला.

त्याने समजावून सांगितलं. रिसॉर्टमध्ये नवा काउंटर होतोय. पाहुण्यांच्या समोर उभं राहून शिजवायचं, तिथेच वाढायचं. त्या काउंटरवर ही हांडी ठेवायची, आणि ज्याच्या घरची मूळ हांडी, त्यालाच नोकरीवर घ्यायचं. कार्डावर त्याचं नाव. "फक्त मॅनेजमेंटची अट आहे. किमान तीन पिढ्यांची परंपरा पाहिजे."

पाहुण्यांच्या समोर, असं तो म्हणाला आणि मला भिंतीतली ती खिडकी आठवली. खरं सांगितलं असतं तर तो कार्डं गोळा करून निघून गेला असता. म्हणून म्हणाले, "चला, फिरवते तुम्हाला. शेवटी आलापल्लीला जाऊ."

निघायच्या आधी अन्नपूर्णाला फोन केला. काउंटरचं सांगितलं.

"म्हणजे खाताना दिसन लोकं? तोंड गिंड?"

"सगळं दिसेल. पण कोणाची हांडी विचारलं तर आजीची म्हणायचं. तीन पिढ्या. लक्षात ठेव."

"आजीची. बरं."

पहिला थांबा वरोऱ्यातच, गुलाम रसूलभाऊंकडे. पिकलेली दाढी, गल्ल्यावरची तीच खुर्ची. मी डोळ्यांनी खुणावत होते की जास्त बोलू नका. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि प्रफुलला म्हणाले, "साहेब, माझे पणजोबा मार्कंड्याच्या जत्रेत चुड्यांचं दुकान लावत. एकदा थंडीत एक साधूबाबा त्यांच्या तंबूत झोपले. सकाळी जाताना भाडं म्हणून हे हांडी शिकवून गेले. चार पिढ्या झाल्या."

प्रफुल भराभरा लिहून घेत होता. हांडी आली. पनीर, काजू, वरून मलई.

"भाऊ," मी विचारलं, "साधूबाबांनी पनीर कुठून आणलं हो?"

"जत्रेत सगळं भेटते भाभी."

हात धुवायला गेले तर बेसिनपाशी गाठलं मी त्यांना. "अहो, ओळ टाकली तेव्हा तुम्ही समोर बसून चहा पीत होता!"

"होतो ना. म्हणूनच तर दुसऱ्या कोणाले सांगत नाई." मग हळू आवाजात, "नोकरी मले काय करायची हाय या वयात? पणजोबाचं नाव येते का पाहून राह्यलो. बिचाऱ्याचं कुठीच नाई आलं. रेशनकार्डावरबी नाई."

या माणसावर रागावणं मला कधीच जमलेलं नाही.

गाडीत बसताच प्रफुल म्हणाला, "चार पिढ्या, ताई! साधूही आहे. मला वाटतं झालं आपलं काम. इथूनच परत फिरू या?"

मी गाडीचं दार ओढून घेतलं. म्हणाले, "पनीर खाऊन परत फिरता? जंगल तर अजून सुरूही झालं नाही."

ही टोचणी बरोबर लागली. शेफ लोकांना भूक लागत नाही, पण कमी पाहिल्याची लाज फार वाटते.

गोंडपिपरी ओलांडून, वैनगंगेचा पूल पार करून आष्टीजवळ बिरजूच्या ढाब्यावर थांबलो. बिरजूने गुडघ्यावर टॉवेल टाकून सांगितलं की त्याची हांडी खानदानी फॉर्म्युला आहे, मामाने मरताना कानात सांगितला. हांडीत फ्लॉवर होता, राजमा होता, तर्री होती आणि सगळ्यात वर एक लाल चेरी.

"चेरी पण मामांनी सांगितली?" प्रफुलने विचारलं.

"शेवटचा शब्द तोच होता साहेब."

पुढच्या रस्त्यावर प्रफुल वही चाळत होता. सागवानाची रांग सुरू झाली तेव्हा म्हणाला, "पहिलीच बरी होती. साधूवाली." मी खिडकीबाहेर पाहत राहिले आणि अन्नपूर्णा सगळं पाठ म्हणत बसली असेल अशी मनाची समजूत घातली. आजीची. तीन पिढ्या. दोनच गोष्टी, त्यात चुकण्यासारखं काय आहे?

लोकेशचं हॉटेल आता रंगवलेलं होतं. तो स्वतः पाणी घेऊन आला. खिडकीच्या पलीकडे मला एक डोळा दिसला. तो हलत नव्हता.

हांडी आली. मातीचं मडकं, तोंडाला पळसाचं पान दोऱ्याने बांधलेलं. लोकेशने दोरा तोडला आणि वाफेबरोबर आंबूस वास आला, तोंडाला पाणी सुटावं असा. आत वाळवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पुन्हा भिजवून शिजवलेले. लाखोळीच्या डाळीचे लहान लहान गोळे. अंबाडीचा आंबटपणा आणि रस्सा दाट करायला जवसाचं कूट.

प्रफुलने पहिला घास घेतला आणि वही बंद केली. मग तो जेवला. म्हणजे सकाळपासून तो चाखत होता, आता जेवला. शेवटी पोळीचा तुकडा घेऊन मडकं आतून पुसलं आणि मडकं त्या खिडकीतून आत गेलं. पलीकडून दोन हातांनी ते उचललं. ती वाचत असणार.

"कोणाची ही?" प्रफुलने विचारलं.

"माझ्या आजीची," लोकेश म्हणाला.

मी डोळे मिटले.

"आमच्या आजीच्या हातची चव होती साहेब. आजोबा शिकारीहून आले की आजी हेच मांडायची. तीन पिढ्यांपासून आमच्या घरात..."

"तुमची आजी?" खिडकीतून आवाज आला. मग मागचं दार आपटलं, बाजूच्या बोळातून पावलं आली आणि अन्नपूर्णा हातात पळी घेऊन हॉटेलच्या पुढच्या दारात उभी राहिली. नोकरीला लागल्यापासून ती बहुतेक पहिल्यांदाच त्या दारातून आत आली असेल. "तुमच्या आजीले दात नोयते भाऊ! तिले खिचडी मीच देत जाओ, पातळ करून. ते वास्ते चावन काय?"

"मावशी, तू आत जा."

"नाई जात." ती प्रफुलकडे वळली. "साहेब, मी आजीची म्हणणार होती. माझ्या आजीची. फोनवर ठरलं होतं." मी खुर्चीत जमेल तेवढी खाली सरकले. "पण याच्या आजीची म्हणू देत नाई मी. खरं सांगतो. हे कोणाच्याच आजीची नाई. कोण्या येड्या माणसानं कार्डात टाकून देली अन् मालकानं म्हटलं कर, नाई तर जाय. मी आठ दिवस झोपली नाई. घरी जे होतं ते घातलं. तीनदा बिघडली, चौथ्यानं जमली. मीच केली हे."

झालं. तीन पिढ्या गेल्या, आजी गेली, काउंटर गेला. ती पळी हातात घेऊन उभी होती आणि आता लोकेशकडची नोकरीही राहते की नाही, हे तिलाही कळत नव्हतं. पण तिची नजर लोकेशवर नव्हतीच. ती प्रफुलच्या तोंडाकडे पाहत होती, जिथे जवसाचा एक कण चिकटला होता.

मी उभी राहिले. "तो येडा माणूस मी आहे," म्हणाले. आणि सगळं सांगितलं. सोळा ओळी, पंधरा ओळी, कॅलेंडर, चहा.

लोकेशचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे मी दोन वर्षं..."

"तुम्हीच नाही. चाळीस जण."

प्रफुल हसेल की उठून जाईल, मला अंदाज येईना. तो पाणी प्यायला. मग टेबलावर नजर ठेवून म्हणाला, "आमच्या रिसॉर्टमध्ये 'आजीची आमटी' आहे. सगळ्यात जास्त खपते. कार्डावर माझ्या आजीचा फोटो आहे, चुलीसमोर." मग पेला खाली ठेवत, "माझी आजी तलाठी होती. तिला चहासुद्धा येत नव्हता. आमटी मी दुबईत एका सिंधी माणसाकडून शिकलो."

आधी अन्नपूर्णा हसली. मग लोकेश सोडून आम्ही सगळेच.

"पण मॅनेजमेंटला पिढ्या पाहिजेत," प्रफुल डोळे पुसत म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

"तीन ना?" अन्नपूर्णाने पळी कमरेला लावली. "एक मी. माझी दिव्यानी नववीत हाय, ते दोन. तिसरी येईन सावकाश. थांबा म्हणाव थोडं."

त्याने हे वहीत लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत.

मॅनेजमेंटला ते वाक्य इतकं आवडलं की अट मागे पडली आणि काउंटर पंधरा दिवसांपूर्वी सुरू झाला. लोकेशने तिला आधी ठेवून घ्यायचा प्रयत्न केला, खिडकी मोठी करून देतो म्हणाला. ती म्हणाली, आता कर मोठी, पुढचीले कामी येईन. रिसॉर्टचं कार्ड अर्थातच मी केलं, नव्या फाइलमध्ये. 'अन्नपूर्णाबाईंची हांडी' आणि खाली बारीक अक्षरात: पहिली पिढी.

काल कार्डं द्यायला गेले. अन्नपूर्णा पांढरी टोपी घालून काउंटरमागे उभी होती आणि समोरच्या टेबलावरच्या नवरा-बायकोकडे असं टक लावून पाहत होती की ती बिचारी घास चावायलाही घाबरत होती. प्रफुल मागून कुजबुजला, "ताई, त्यांना जरा सांगा, मधूनमधून पापणी लववा म्हणावं."

"कसं वाटतं गं, लोकांना खाताना पाहून?" मी विचारलं.

तिने विचार केला. "तोंडावरून काई समजत नाई बाई. मी पाहातो म्हटल्यावर सगळेच मस्त मस्त म्हणते. ताटं खरं बोलत होते." मग ते जोडपं उठल्यावर ती काउंटरबाहेर आली, वेटरच्या आधी त्यांची ताटं उचलली आणि उजेडात धरून पाहिली. "बाई खोटी होती. माणसाले खरंच आवडली."

गुलाम रसूलभाऊंनी तिचा नंबर मागितलाय. बारा वर्षं पनीर टाकून कंटाळलो म्हणतात. मी द्यायच्या आधी तिला विचारलं. ती म्हणाली, द्या, पण पणजोबाले मधात आणायचं नाई म्हणाव.

निघताना तिने नवं कार्ड हातात घेतलं, वरून खाली बोट फिरवत गेली आणि शेवटच्या पदार्थाखाली थांबली. तिथे एका ओळीची जागा कोरी होती.

"बाई, हे खाली सुटलं काय?"

"मुद्दाम सोडलं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोऱ्या जागेकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"टाकाचं असन तर टाका," ती म्हणाली. "पण आठ दिवस आधी सांगजा."