सदतीस दात्यांचे चाक

मित्रांनो, मी एक जुने बिडाचे दातेरी चाक आहे आणि माझ्या कडेला सदतीस दाते आहेत. छत्तीस नाहीत, चाळीस नाहीत, सदतीस. आकडा ऐकून तुम्हीही नाक मुरडाल. पुष्कळांनी मुरडले आहे.

माझा जन्म सुतळी वळण्याच्या एका कारखान्यात झाला. कारखाना दोन भावांचा. थोरला यंत्रे जुळवी, धाकटा माल विकी. थोरल्याने माझे दाते स्वतः पाडले, मला बारा दात्यांच्या एका छोट्या चाकाशी जोडले आणि बायकोला म्हणाला, "सदतीसला एक आणि सदतीस सोडून कशानेच भाग जात नाही. म्हणून छोट्याच्या प्रत्येक दात्याला मोठ्याचा प्रत्येक दाता भेटतो. एखादा खराब निघाला तरी त्याचा त्रास सगळ्यांत वाटला जातो."

"आपल्या घरात मात्र रोज तेच दोघं भिडतात," ती हसून म्हणाली.

एकदा भेटलेले दोन दाते पुन्हा भेटेपर्यंत बारा गुणिले सदतीस, म्हणजे चारशे चव्वेचाळीस दाते सरकतात. तिन्ही अंक सारखे आले ना? तो माझ्या आकड्याचा स्वभावच आहे. सदतीस त्रिक एकशे अकरा, सदतीस सक दोनशे बावीस, असे करत सत्तावीस पटीला नऊशे नव्याण्णव. आणखी एक पाहा. १४८ ला सदतीसने भाग जातो. पुढचा एक उचलून मागे ठेवा, ४८१ होतात, त्यालाही जातो. पुन्हा तसेच करा, ८१४, त्यालाही जातो. थोरला आल्यागेल्याला हे करून दाखवी. माझे फार कौतुक होई आणि मला ते आवडे, खोटे कशाला बोलू?

यंत्रावर थोरल्याची बायको बसे. तीन पदर बोटांच्या बेचक्यांतून सोडत ती अशी सुतळी वळी की कुठे गाठ सापडू नये. पुढे थोरला आजारपणात गेला आणि यंत्रेही धाकट्याच्या हाती आली.

"हा अडनिडा आकडा कशाला?" तो म्हणाला. "बारा त्रिक छत्तीस. याची एक फेरी, त्याच्या तीन. हिशेब कसा सरळ!"

"भाऊजी, त्यांनी मुद्दाम सदतीस घेतले होते."

"वहिनी, दादाला आकड्यांचा नाद होता. मला कारखाना चालवायचाय."

मला काढले. आस जरासा सरकवून छत्तीस दात्यांचे चाक बसवले; छोटे मात्र जुनेच ठेवले. त्या छोट्याचा एक दाता कधीचा टवका उडालेला होता. माझ्याशी फिरताना त्याचा मार आम्ही सदतीस जणांनी वाटून घेतला होता. आता तो दर फेरीला त्याच तीन दात्यांवर बसू लागला. यंत्र टकटक करू लागले. वहिनीने सांगितले, तर "तेल घाला," एवढेच उत्तर मिळाले. एका दुपारी ते तीन दाते तुटले, यंत्राला हिसका बसला, सैल पडलेला पदर तिच्या उजव्या हाताला गुंडाळला गेला आणि तिची दोन बोटे गेली.

बैल गेल्यावर तरी लोक झोपा करतात. धाकट्याने तेही केले नाही. त्याने पुन्हा छत्तीसचेच चाक आणले, कारण चूक कबूल करण्यापेक्षा नवे चाक स्वस्त वाटले. आणि मला? मला सोनेरी रंग देऊन बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगले. पाहुणे आले की तो माझ्याकडे बोट दाखवून एकशे अकरा, दोनशे बावीस ऐकवतो, अगदी भावाच्याच शब्दांत. पाहुणे टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांची शिसारी येते.

आता यंत्रावर वहिनीची लेक बसते. कालपासून पुन्हा टकटक सुरू झाली आहे. भिंतीपलीकडून मला ती स्पष्ट ऐकू येते, आणि वहिनीलाही. सकाळी ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, हे चाक उतरवून द्या."

"अहो वहिनी, ते शोभेचं आहे. आत्ताच तर रंग दिलाय!"

मित्रांनो, जुन्या वस्तू झाडून-पुसून ठेवा, असा उपदेश तुम्हाला पुष्कळांनी केला असेल. मी तो करणार नाही. मला पुसू नका, माझ्या गमती पाठ करू नका. कोणाचा हात पोहोचत असेल तर मला एवढे खाली काढा आणि यंत्रावर बसवा. त्या पोरीची दहाही बोटे अजून जागच्या जागी आहेत.