किल्लीकाकांचा खिशावरचा साक्षीदार

किल्लीकाकांनी सव्वीस वर्षांत आसपासच्या निम्म्या इमारतींची दारं उघडली होती आणि एकाही घरातून साधी टाचणी उचलली नव्हती. त्यांचं दुकान म्हणजे औषधांच्या दुकानाला टेकून उभी असलेली टपरी. तीत किल्ल्या कापायचं यंत्र, बसायला एक स्टूल आणि डोक्यावर टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. कुणाचं दार पाठीमागे धाडकन लागलं, कुणाची किल्ली हरवली, की लोक काकांना हाक मारत. काका जात, दार उघडत, उंबऱ्याबाहेरूनच मजुरी घेत आणि परत येत. पाऊल म्हणून आत टाकायचं नाही, हा त्यांचा नेम होता. कुलूपवाल्याला नावाशिवाय दुसरं भांडवल नसतं, हे ते ओळखून होते.

काकांची एक कला मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. लॅचचं साधं कुलूप ते चाळीस सेकंदांत उघडत. पण धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकानं "एवढ्याशा कामाचे एवढे?" म्हणून जिन्यात तासभर वाद घातला होता, आणि तेव्हापासून काका शहाणे झाले. कुलूप सुटताना 'कट्' असा बारीक आवाज येतो, तो ते खोकल्यात लपवत. मग दार धरून ठेवत आणि पुढची वीसेक मिनिटं नुसत्या तारा खुपसत, कपाळ पुसत, "फार जिद्दी कुलूप आहे हो," असं पुटपुटत उभे राहत. गिऱ्हाईक हळहळायचं, पाणी आणून द्यायचं आणि मजुरी हसत द्यायचं. चोरी तर नव्हेच, काका स्वतःला समजावत, लोकांना घाम बघायचा असतो, मी तो दाखवतो.

सगळं सुरळीत चाललं असताना पलीकडच्या रस्त्यावरच्या कुलूपवाल्यावर अंगठी चोरल्याचा आळ आला. अंगठी चार दिवसांनी साबणाच्या डबीत सापडली, पण तोवर त्याचं दुकान बसलं होतं. काकांची झोप उडाली. आणि अशा वेळी धावून येतो तो जावई.

काकांच्या जावयाला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एखादं यंत्र ठाऊक असे. त्यानं अंगठ्याएवढा एक कॅमेरा आणून सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशाला चिमट्यानं अडकवला. त्यावर लाल दिवा लुकलुकू लागला.

"बाबा, आता हा तुमचा साक्षीदार. तुम्ही काय केलंत, कोण काय बोललं, सगळं यात राहणार. तारीख-वेळेसकट. कुणाची टाप आहे बोट दाखवायची?"

"अहो, पण यांना गरज काय?" काकांची बायको म्हणाली. "कर नाही त्याला डर कशाला?"

"आई, डर नसलेल्यांनाच आजकाल पुरावा लागतो," जावई म्हणाला. काकांना ते फार पटलं.

पहिल्या दिवसापासून काकांची बोलीच बदलली. एरवी "काय, किल्ली आतच का?" असं विचारणारा माणूस आता दारापुढे उभा राहून खिशाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणू लागला, "सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी कुलपाला हात लावत आहे. गिऱ्हाईक माझ्या डाव्या बाजूला उभे आहेत." गिऱ्हाईक दचकून उजव्या बाजूला जाई. मग काका दुरुस्ती करत.

लोकांचंही डोकं फिरलं. एक बाई लाल दिवा बघून घाबरल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा हं, आत सगळा पसारा पडलाय, आवरून येते." घराचं दार बंद होतं, म्हणूनच काका आले होते. हे दोघांच्याही लक्षात यायला थोडा वेळ गेला. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अंघोळीच्या टॉवेलवर बाहेर पेपर उचलायला आले आणि दार लागलं. त्यांनी हात जोडले, की काका, तो दिवा तेवढा बंद करा. काका म्हणाले, "नाही, नियम आहे." नियम कुणाचा, तर काकांचाच, पण नियम म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. गृहस्थ सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

टपरीशेजारचे औषधवाले एक दिवस म्हणाले, "काका, राग मानू नका, पण लोक कुजबुजतात. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. इतकी वर्षं कॅमेरा नव्हता, आत्ताच का लागला?" काकांना वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर शहाणा माणूस कॅमेरा काढून ठेवतो, काकांनी तो रोज चार्ज करायला सुरुवात केली.

कॅमेऱ्याला न घाबरणारं गिऱ्हाईक एकच होतं, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाई. या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि काका चौथीत त्यांच्याच वर्गात होते. बाईंचं दार महिन्यातून एकदा तरी पाठीमागे लागायचंच. काका जायचे, तारा काढायचे, आणि कुलूप जिद्दीनं वीस मिनिटं अडून बसायचं. तेवढ्या वेळात बाई गुडघ्यापासून शाळेच्या नव्या इमारतीपर्यंत सगळं बोलून घ्यायच्या. त्यांच्या पुतण्याचं म्हणणं होतं की काकूची आठवण गेली, तिला आता वृद्धाश्रमात ठेवणंच बरं. तो आठवड्यातून एकदा येई आणि खुर्चीवर न बसता निघून जाई.

एका रविवारी हा पुतण्या आला, त्यानं कपाटाकडे बघितलं आणि ओरडला, "घड्याळ कुठंय?" शाळेनं बाईंना निवृत्तीच्या दिवशी दिलेलं चांदीचं घड्याळ जागेवर नव्हतं.

"अरे, ते तर..." बाई म्हणाल्या.

"काकू, तू शांत बस. तुला आठवत नाही. दार कुणी उघडलं होतं शेवटचं?"

"बुधवारी किल्लीवाला आला होता. पण घड्याळ..."

"झालं तर! शांत बस तू."

अर्ध्या तासात बाईंची बैठकीची खोली शेजाऱ्यांनी भरली. तळमजल्यावरच्या आजी आल्या, टॉवेलवाले गृहस्थ पूर्ण कपड्यांत आले, औषधवाले दुकान नोकरावर टाकून आले. काकांना बोलावणं गेलं तेव्हा ते जावयाबरोबर जेवत होते; दोघंही तसेच निघाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांच्याकडे त्या नजरेनं बघत होतं. हे नाव गेलं तर उद्यापासून कोण दार दाखवणार आपल्याला? पलीकडच्या रस्त्यावरच्या त्या बंद दुकानाचा पत्रा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

"पोलिसांना फोन लावतो," पुतण्या म्हणाला.

"लावा," काका उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "पण आधी पुरावा बघा! सगळ्यांनी बघा! जावईबापू, लावा बुधवार."

जावई याच दिवसासाठी जन्मला होता. त्यानं खिशातून वायर काढली आणि कॅमेरा बाईंच्या टीव्हीला जोडला. काकांनी स्वतः ते चित्रण कधी बघितलं नव्हतं. जे आपण स्वतः केलं ते पुन्हा काय बघायचं, असं त्यांना वाटे.

टीव्हीभर एक भलंमोठं कुलूप दिसू लागलं. त्यात काकांची बोटं, बोटांत दोन तारा, आणि कोपऱ्यात पळणारे सेकंद. अडतीस, एकोणचाळीस. काका खोकले. पण कॅमेऱ्याचा कान काकांच्या तोंडापेक्षा कुलपाकडे जास्त होता. खोकल्याच्या वर, स्वच्छ, अख्ख्या खोलीला ऐकू गेलं, 'कट्'.

"उघडलं की!" औषधवाले म्हणाले.

"बाबा, काय हात आहे तुमचा!" जावई अभिमानानं म्हणाला.

पडद्यावर मात्र काका थांबले नाहीत. दार बोटभर सरकलं, काकांनी ते हळूच ओढून घेतलं आणि रिकाम्या भोकात तार फिरवायला लागले. मग तार काढून शर्टाला पुसली. मग पुन्हा घातली. "फार जिद्दी आहे हो, बाई," टीव्ही म्हणाला.

मग तळमजल्यावरच्या आजी सावकाश म्हणाल्या, "माझंही जिद्दीच होतं."

"माझं तर पंचवीस मिनिटं जिद्दी होतं," टॉवेलवाले म्हणाले. "टॉवेलवर."

"बंद करा," काका पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. "चोरी केली नाही हे दिसलं ना? मग बंद करा."

"पूर्ण बघायचं," पुतण्या म्हणाला. "पुरावा आहे म्हणालात ना?"

मग सगळ्यांनी पूर्ण बघितलं. टीव्हीवर बाईंचा आवाज चालू होता, गुडघा, डॉक्टर, जुन्या विद्यार्थ्याचं पत्र. बाराव्या मिनिटाला त्यांनी पत्र वाचून दाखवायला चष्मा काढला. त्यासाठी पर्स कॅमेऱ्यापुढेच उघडली. चष्म्याच्या घराशेजारी, लाल रिबिनीत ओवलेला, किल्ल्यांचा जुडगा होता.

"थांबवा!" पुतण्या उडीच मारून उठला. "बघितलंत? किल्ली पर्समध्ये, आणि ही बाहेर उभी! काकू, मी काय सांगत होतो? तुला आठवत नाही. वृद्धाश्रमाचा फॉर्म आणलाय मी गाडीत. आजच सही कर."

काकांना आता स्वतःच्या अब्रूचंही भान राहिलं नाही. स्वतःला वाचवायला म्हणून दाखवलेल्या पुराव्यानं आपण बाईंचं घर घालवलं, एवढंच त्यांना कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी.

"पुढे चालू दे," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. जावयानं घाईघाईनं बटण दाबलं.

टीव्हीतल्या बाईंनी पत्राची घडी घातली. "वेळ किती झाला रे? घड्याळ पुतण्यानं नेलंय, सेल बदलायला. महिना झाला. आठवण केली तर म्हणतो, काकू, तुला आठवत नाही."

सगळ्या माना पुतण्याकडे वळल्या. "डिकीत," तो शेवटी म्हणाला. "फॉर्मखालीच असेल."

"दोनदा सांगायला गेले, दोनदा गप्प केलंस," बाई म्हणाल्या. "आणि ऐक. मी किल्ली विसरले नव्हते. मला माहीत होतं ती पर्समध्ये आहे."

"मग याला बोलावलं कशाला?"

"तू फोनवर दीड मिनिट बोलतोस. मी मोजलंय. हा वीस मिनिटं उभा असतो."

पुतण्या खुर्चीवर बसला. त्या घरात तो बसलेला शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच बघितला.

काका उंबऱ्यापाशी सरकले. "बाई, कुलूप आधीच उघडलेलं असायचं. तुम्हाला..."

"चौथीत तू उत्तर चोरताना खोकायचास," बाई म्हणाल्या. "तेव्हाही मला ऐकू यायचं."

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या आधी घरोघर पोचली. किल्लीकाकांवर चोर म्हणून कुणी बोट दाखवलं नाही, पण 'चाळीस सेकंद' हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. गिऱ्हाइकं आता मोबाइलवर वेळ लावून उभी राहत आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला भुवया उंचावत. टॉवेलवाल्यांनी तर स्वतःसाठी एक कॅमेरा आणला आणि काका दार उघडताना तो त्यांच्या बोटांपुढे धरला. काकांची बोटं थरथरली आणि त्या दिवशी कुलपाला खरोखरच वीस मिनिटं लागली. त्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.

"तरी मी म्हटलं होतं," काकांची बायको म्हणाली. तिनं कॅमेरा उचलून पाहुण्यांच्या चादरींखाली ठेवून दिला. जावयानं विचारलं, की बाबा, यावर दुसरा उपाय आहे, आणू का? काकांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाला "नको" म्हटलं.

महिनाभर बाईंचा फोन आला नाही. काकांना वाटलं, आता येणारही नाही. आता बोलावण्यासारखं राहिलंच काय? आणि एका बुधवारी फोन वाजला. "दार लागलंय."

काका तीन मजले चढून वर गेले. बाई नेहमीसारख्या बाहेर उभ्या होत्या. काकांनी पिशवीतून तारा काढल्या, तेव्हा बाईंनी पर्स उघडली आणि लाल रिबिनीचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला.

"हा तुझ्याकडे राहू दे. माझ्याजवळ दुसरा आहे."

काका हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिले. वीस मिनिटांचं सोंग टीव्हीवर बघून झालं होतं बाईंचं, आणि तरी किल्ली देत होत्या. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो किल्ल्या कापल्या होत्या, पण कुणी आपल्या घराची किल्ली त्यांच्या हाती सांभाळायला दिली नव्हती.

"बाई, पण मग मी काम कसलं करणार?"

"कसलंच नाही. वीस मिनिटं आहेत ना तुझ्याकडे? आत येऊन खुर्चीवर बस. उभ्यानं बोलून माझा गुडघा दुखतो."

काकांनी किल्लीनं दार उघडलं. सवयीनं त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथं काही नव्हतं. उंबऱ्यापाशी ते अडखळले आणि खोकले.

"खोकू नकोस," बाई आत जात म्हणाल्या. "दार उघडंच आहे."