सायलीची झोप

रूपालीला तो व्हिडिओ कंपनीच्या बसमध्ये आला. कुठल्याशा शहरातलं पाळणाघर, भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेले, आणि एक बाई दीड-दोन वर्षांच्या पोराला दंडाला धरून गादीवर आपटते आहे. जेमतेम पंधरा सेकंदांचा. उस्मानपुऱ्यातून बिडकीनच्या कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर रूपालीनं तो सहा वेळा पाहिला. तिची स्वतःची सायली तेव्हा दोन वर्षं तीन महिन्यांची होती, आणि सकाळी सातला ती तिला कडूबाईंच्या पाळणाघरात सोडून आली होती.

कडूबाई मागच्याच गल्लीत राहायच्या. दोन खोल्या, आठ मुलं, त्या आणि त्यांची सून. सायली अकरा महिन्यांची असल्यापासून त्यांच्याकडं. चालायला ती तिथंच शिकली, आपल्या हातानं वरणभात खायलाही तिथंच. पहिलं पाऊल आपण पाहिलं नाही याचं रूपालीला कधीमधी वाईट वाटायचं, पण भीती अशी वाटली नव्हती. त्या दिवसापासून वाटायला लागली.

त्याच आठवड्यात अंघोळ घालताना सायलीच्या दंडावर निळसर वण दिसला. रूपालीनं तिला तसंच टॉवेलात गुंडाळलं आणि कडूबाईंचं दार गाठलं.

"आमच्यातल्याच सत्यमनं चावा घेतला तिचा," कडूबाई म्हणाल्या. "चेंडूवरून जुंपली दोघांची. मी बर्फ लावला व्हता. तुम्ही घाईत व्हता काल, सांगायचं राहून गेलं."

रूपालीनं फोन काढून तो व्हिडिओ त्यांच्यापुढं धरला. "मावशी, असं चालतं हो पाळणाघरात. आम्हाला घरी काय कळणार?"

कडूबाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता फोन परत दिला. ते न बोलणंच रूपालीला खटकलं. दुसऱ्या दिवसापासून सायली तिकडं गेली नाही.

तोड अतुलनं काढली. अतुल, तिचा नवरा, वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर ऑपरेटर होता. त्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतली. "सकाळी तू निघायच्या आत मी घरी येतो. दिवसभर पोरगी माझ्याजवळ. ती दुपारी झोपंल तेव्हा मी पण झोपीन. सहाला तू आलीस की परत दोन तास पडीन. त्यात काय?"

दौलताबादहून सासूचा फोन आला. तिला फार बरं वाटलं होतं. "बापाजवळ हाय ना, मग काळजी नाय. आता पोरगी माणसात आली." स्वतः येऊन राहायचं तिला जमण्यासारखं नव्हतं, सासऱ्यांच्या पायाचं दुखणं आणि पेरूची बाग तिच्याच अंगावर होती.

पहिला महिना खरंच छान गेला. रूपाली कामावर तपासणीच्या टेबलाशी उभी राहून एकेक सुटा भाग मापात बसतो का ते बघायची, आणि मधल्या सुट्टीत अतुलनं पाठवलेले फोटो बघायची. सायली बादलीत बसलेली. सायली बापाच्या पोटावर. तिच्या जिवाला जरा थंडावा आला.

मग कधीपासून ते तिलाही नेमकं सांगता येणार नाही, पण संध्याकाळी दार उघडल्यावर सायली धावत येईनाशी झाली. गादीवर बसलेली असायची, नाहीतर आडवी. डोळे उघडे, पण नजर कुठं ठरलेली नाही. उचलली की मान खांद्यावर टाकून द्यायची. आधी ती रोज पाळणाघरातल्या मुलांची नावं हजेरीसारखी म्हणायची, आईनं प्रत्येकाला "हजर" म्हणावं लागायचं. ती हजेरी बंद पडली. "पाणी" म्हणायची तिथं नुसतं बोट दाखवायला लागली. एकदा उंबऱ्यावरून पाय उचलताना अशी झोकांडी गेली की रूपालीनं तिला वरच्यावर झेललं.

"उन्हाळा आहे. गळून जाते पोर," अतुल म्हणाला. त्याचेही डोळे खोल गेले होते, दाढी वाढलेली.

रूपाली बसमध्ये फोनवर वाचत बसायची. आलेलं बोलणं मुलं का विसरतात. नजर का देत नाहीत. एक वाचलं की त्याच्याखाली आणखी दहा यायची, प्रत्येक आधीच्याहून भयंकर. कुणी लिहिलेलं, आईपासून लवकर तुटलेल्या मुलांचा मेंदूच वेगळा घडतो. कुणी लिहिलेलं, दोन वर्षांच्या आतलं नुकसान भरून येत नाही. अकरा महिन्यांची असताना आपण तिला दुसऱ्याच्या दारात ठेवली, त्याचं हे फळ आता वर येतंय, असं तिनं मनाशी धरलं. सासूही फोनवर तेच म्हणाली, "त्या बाईनंच काहीतरी केलंय पोरीला. आता उमटतंय." रूपालीनं नोकरी सोडायचं पत्रसुद्धा लिहिलं. दिलं मात्र नाही. घराचा अर्धा भार तिच्यावर होता, आणि खरं सांगायचं तर तिला घरी बसून त्या रिकाम्या नजरेसमोर दिवस काढायचीही भीती वाटत होती.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. रविवारी सायली बरी असायची. दुपारनंतर थोडी रडायची, चिडायची, पण खेळायची. रूपालीला वाटलं, आई जवळ असते म्हणून. त्यामुळं तिला आणखीच अपराधी वाटलं.

तो गुरुवार होता. कारखान्यातला मोठा कॉम्प्रेसर बसला, लाइन बंद पडली आणि साहेबांनी दुपारच्या आधीच सगळ्यांना सोडलं. रूपाली दीड वाजता घरी पोचली. बेल वाजवली, दोनदा, तीनदा. आत टीव्ही चालू होता. शेवटी पर्समधून किल्ली शोधून तिनं दार उघडलं.

अतुल भिंतीशी पालथा झोपला होता. सायली खिडकीजवळच्या चटईवर. तिच्या हनुवटीवरून लाळ वाहून चटईवर ओलं डबकं झालं होतं. रूपालीनं पर्स खाली टाकली.

"सायू. ए सायू, बघ कोण आलं."

हात धरला तर तो हातातून घसरून खाली पडला. गालावर थोपटलं. तळपायाला चिमटा काढला, जोरात, लाल होईस्तोवर. सायलीच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली आणि विरली. रूपालीनं तिच्या छातीवर कान ठेवला. टीव्हीच्या आवाजात काही ऐकू येईना. मग श्वास जाणवला, पण इतका सावकाश, की एक आल्यावर दुसरा येतो की नाही असं वाटावं.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पोरीला उचलून ती जिना उतरली. चपला घालायच्या राहिल्या, डांबर पोळत होतं. रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता तिनं दोनदा सांगितला. मागून अतुल ओरडत येत होता, बनियनवरच, आणि रिक्षा हलता हलता तो आत चढला. "काय झालं? काय झालं तिला?" एवढंच तो विचारत होता. रूपालीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती श्वास मोजत होती.

डॉक्टर सरफराज सायलीला जन्मापासून बघत होते. बाहेर बसलेल्यांना ओलांडून त्यांनी तिला आत घेतलं. पापण्या वर करून टॉर्च मारला, अंगठ्याला क्लिप लावली, छाती तपासली. कंपाउंडरला ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि मग वळले.

"पडली होती का?"

"नाही," अतुल म्हणाला.

"ताप? झटका?"

"नाही."

"काही औषध दिलं?"

"आम्ही काही देत नाही, डॉक्टर," रूपाली म्हणाली. "त्या पाळणाघरातच आधी काहीतरी झालंय. तेव्हापासून पोरगी अशी सुस्त..."

"पाळणाघर कधी बंद केलं?"

"साडेतीन महिने झाले."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. "आणि सुस्ती?"

"दोन महिने."

"रोज सारखीच असते?"

"रविवारी बरी असते." हे बोलताना रूपालीचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. शनिवारी रात्री अतुलला सुट्टी असायची. रविवारी दिवसा त्याला झोपायची गरज नसायची. तिनं मान वळवली. अतुल भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होता.

"हे बघा," डॉक्टर त्याला म्हणाले, आवाज न चढवता. "आत्ता मी रागावणार नाही, कोणी रागावणार नाही. औषधाचं नाव, किती, आणि किती वाजता. लवकर सांगा."

"सर्दीचं," अतुल म्हणाला. "झोप येते त्यानं, ते. रोज नवाच्या सुमाराला एक चमचा देतो. आज उशिरा, अकराला दिलं. झोपंना, म्हणून बाराला परत दोन."

रूपालीनं सायलीच्या हनुवटीवरची लाळ हातानं पुसली.

डॉक्टरांनीच मोठ्या दवाखान्यात फोन केला, अँब्युलन्स बोलावली. तिथं सायलीला सलाइन लावलं, छातीला तारा चिकटवल्या आणि आईबापांना सांगितलं की अंगातून औषध उतरेपर्यंत नजर ठेवायची, दुसरं करण्यासारखं फार नाही. श्वास आणखी मंदावला तर यंत्रावर घ्यावं लागेल. नर्स हे अगदी साध्या आवाजात बोलली. त्यानंतरचे चार तास रूपालीनं खाटेशेजारच्या यंत्राच्या पडद्यावर श्वास दाखवणाऱ्या हिरव्या आकड्याकडं बघत काढले. आकडा एकानं उतरला तरी तिची बोटं खाटेच्या दांड्याला आवळायची. मनात ती कुणाकुणाला काय काय कबूल करत होती ते तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही.

अतुल दाराशी उभा होता. मध्येच तो बोलायला लागला, तिच्याकडं न बघता.

"पहिल्यांदा खरंच सर्दी झाली होती तिला. औषध दिलं, तीन तास झोपली. मी पण झोपलो. कितीतरी दिवसांनी." तो थांबला. "त्याच्या आदल्या रात्री मशीनवर डुलकी लागली होती मला. शेजारच्यानं हात ओढला म्हणून हात राहिला. तुला सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू म्हणाली असतीस, तुमच्यानं होत नाही. परत पाळणाघरात टाकायची म्हणजे तू त्या व्हिडिओनं वेडी होणार. मला वाटलं, मुलांचंच औषध आहे, दुकानात असंच मिळतं. काय होतंय एका चमच्यानं."

"ती बोलायची बंद झाली होती. मी रोज रडत होते. तुम्ही बघत होता."

अतुल तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. रूपालीला त्याची कीव आली नाही. राग येण्याएवढीही जागा मनात उरली नव्हती.

सव्वासहाला सायलीनं पाय हलवला. मग तोंड वाकडं केलं, आणि अशी भोकाड पसरून रडली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स हसली. "रडू द्या, चांगलं आहे." रूपालीला आयुष्यात कुठला आवाज इतका गोड वाटला नव्हता.

घरी सोडताना डॉक्टर सरफराज मुद्दाम येऊन भेटले. रूपालीनं विचारलं, की हिच्या मेंदूला काही झालं असेल का, आणि लहानपणी पाळणाघरात ठेवली ते चुकलं का. ते म्हणाले, "पहिल्याचं उत्तर दोन-तीन महिन्यांत तिच्याच बोलण्यातून कळेल. बहुतेक सगळं परत येईल, पण लिहून देत नाही. दुसऱ्याचं म्हणाल तर, या वयाच्या मुलाला दिवसभर कोणीतरी जागं माणूस पाहिजे, त्याच्याशी बोलणारं. आई असो, बाप असो, नाहीतर ती बाई. तुमच्या घरी बाप जवळ होता, पण जागं कोण होतं?"

सोमवारी रूपाली सायलीला कडेवर घेऊन कडूबाईंच्या दारात गेली. काय बोलायचं ते ठरवून गेली होती, पण कडूबाईंनी दार उघडल्यावर सगळं विसरली आणि झालेलं जसंच्या तसं सांगून टाकलं.

कडूबाई ऐकत राहिल्या. "मी बघितलं व्हतं," शेवटी त्या म्हणाल्या. "दोनदा. भाजीच्या गाड्यावर. सकाळी अकराला पोरगी बापाच्या खांद्यावर अशी पडलेली, ओल्या कपड्यावाणी. ती माझ्याकडं असताना अकराला कधी झोपली नाय. मला वाटलं, तुमच्याकडं यावं, सांगावं."

"मग आला का नाहीत, मावशी?"

"कशी येऊ? तुम्ही मला तसलं चित्र दाखवून गेलात. लई लागलं ते. वाटलं, तुम्ही म्हणाल, पोर परत पाहिजे म्हणून लावून सांगती." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "घाबरले मी. चुकलंच."

सायली आईच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडं बघत होती. खाली उतरली नाही, पण आईच्या गळ्यातली मिठी तिनं सैल केली. पहिला आठवडाभर रूपालीनं सुट्टी काढून रोज दोन तास तिथं दाराशी बसून काढले. कडूबाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

शब्द आले, पण एकदम नाहीत. आधी "पाणी". मग बरेच दिवस काहीच नाही, आणि रूपालीची झोप पुन्हा उडाली. मग एका दिवशी "नको", आणि त्यानंतर दिवसभर नुसतं नको. अतुलला दिवसपाळी मिळायला दीड महिना लागला. सासूला त्यांनी खरं सांगितलं. ती दोन दिवस फोनवर आली नाही.

रूपालीनं अतुलला पोरीसोबत एकटं मात्र सोडलं नव्हतं. दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, त्यानं दुधाची पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "नेऊ का हिला? कोपऱ्यापर्यंत?"

सायली त्याच्या पायाला धरून उभी होती. रूपालीनं गॅस बारीक केला, मोठा केला, पुन्हा बारीक केला.

"न्या," ती म्हणाली.

कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सात-आठ मिनिटं पुरतात. दहा झाली. बारा झाली. फोन हातात होता, पण तिनं तो लावला नाही. तेराव्या मिनिटाला जिन्यातून आवाज आला, सायलीचा, चढा आणि भांडखोर, आपण स्वतःच पायऱ्या चढणार म्हणून बापाशी हुज्जत घालणारा. रूपाली दाराशी गेली. पायांत चपला तिनं कधीच घालून ठेवल्या होत्या.