माझ्या कपाळावरचे दोन झरोके

मित्रांनो, माझ्या कपाळावर दोन झरोके आहेत. गावातली मुलं त्यांत बोटं घालतात आणि "आई गं, गरम!" म्हणून पळत सुटतात. मला राग येत नाही. आज त्या झरोक्यांचीच गोष्ट सांगते.

मी एक जुनी जीपगाडी. पामीरच्या डोंगरात, नदीकाठच्या एका गावात राहते. जन्म मात्र दूर, वोल्गाकाठच्या कारखान्यातला. अंगाला लष्करी हिरवा रंग, चारही चाकांना जोर, आणि बॉनेट असं गुळगुळीत की कारखान्यातल्या बायका त्यात बघून डोक्यावरचा रुमाल सारखा करायच्या. खोटं कशाला सांगू, त्या बॉनेटचा मला फार तोरा होता. तरुणपणी मी जमिनीखालचे धातू शोधणाऱ्या लोकांबरोबर हिंडले. ते माझ्या बॉनेटवर नकाशा पसरायचे, तो उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे पेले ठेवायचे, आणि "पोरगी गुणाची आहे हो," म्हणायचे. पुढे ती माणसं गेली. मी आठ वर्षं एका पडवीत उभी राहिले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

मग नेककदमने मला घरी आणलं. त्याच्या नावाचा अर्थ शुभ पावलांचा. माझं इंजिन पार थकलं होतं, म्हणून त्याने एका मालमोटारीचं दांडगं इंजिन आणून माझ्यात बसवलं. नाकापेक्षा मोती जड झाला! आत बोटभर जागा उरली नाही. सपाटीवर सगळं ठीक असायचं. पण खिंडीचा चढ लागला की उष्णता आतल्या आत कोंडायची आणि सातव्या वळणावर, अगदी ठरल्यासारखी, माझ्या तोंडातून वाफ निघायची. मग उतारू खाली उतरून चालू लागायचे.

"नाव नेककदम, आणि पावलं आमची झिजवतोस होय रे?"

"समोवार उकळला! चहापत्ती आहे का कुणाकडे?"

समोवार म्हणजे आमच्याकडचं चहाचं पाणी उकळायचं भांडं. तेच माझं नाव पडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नेककदम हसण्यावारी न्यायचा. त्याची बायको गुलंदोम मात्र हसायची नाही. तिची थोरली बहीण सवसन खिंडीपलीकडे राहते. सवसनची नजर वर्षावर्षाला मंद होत चालली होती. "दिसतंय तोवर एकदा तुझं तोंड बघू दे," एवढाच निरोप ती धाडायची. गुलंदोमची छाती अधू. खिंडीतल्या विरळ हवेत तिला चार पावलंही चालवत नाहीत. दोनदा ती माझ्यात बसून निघाली आणि दोन्ही वेळा मी सातव्या वळणावर उकळले. दुसऱ्या वेळी तासभर थांबावं लागलं, तेव्हा तिचे ओठ निळे पडले. नेककदमने घाबरून मला परत फिरवलं. त्यानंतर चार वर्षं त्याने तो विषयच काढला नाही.

"दुसऱ्या कुणाच्या गाडीने जा की," शेजारीण म्हणायची.

"नवऱ्याची गाडी दारात असताना? सवसन विचारेल, गाडी मेली की नवरा!"

हे ऐकून नेककदमला लाज वाटली असावी. त्याने कुणाला न विचारता एक उपाय केला. जर्दाळूच्या लाकडाचे दोन ठोकळे घालून त्याने माझं बॉनेट काचेच्या बाजूने दोन बोटं उचललं. म्हणाला, "गरम हवा मागून निघून जाईल." कसली जाते! वारा काचेवर आपटून उलटा आतच शिरला. तेलाचा वास आणि धग थेट गुलंदोमच्या नाकात. खोकून खोकून तिचे हाल झाले. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

तेव्हा तिनेच उस्तो अलिफबेकला बोलावलं. उस्तो म्हणजे कारागीर. पत्रा, लोखंड, घड्याळ, काहीही द्या, हा म्हातारा सरळ करणार. घरात बसून त्याने मीठ घातलेला दुधाचा चहा घेतला, त्यात रोटी कुस्करली आणि सावकाश विचारलं. दार उघडं होतं, मला अंगणात सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्या चुलीचा धूर कुठून जातो रे?"

"छतातल्या झरोक्यातून. आणखी कुठून जाणार?"

"तोच झरोका वाऱ्याच्या तोंडावर, भिंतीला पाडला असतास तर?"

"धूर उलटा घरात आला असता," नेककदम म्हणाला आणि दारातून माझ्या बॉनेटकडे बघू लागला.

"मग बायकोला तेच केलंस की! घराला झरोका आणि अंगणातल्या त्या बिचाऱ्या गाडीच्या डोक्यावर नुसतं झाकण."

"उस्तो," गुलंदोम म्हणाली, "ह्यांच्या डोक्यालाही एक पाडा. थोडा उजेड पडेल."

मला वाटलं, आता म्हातारा करवत काढणार. पण त्याने मागितली लोकर. गुलंदोम मोजे विणते, तिच्याकडे रंगीत तुकड्यांची पिशवी होती. जर्दाळूचे ठोकळे काढून टाकून वीतभर लांबीचे तीस धागे त्याने माझ्या बॉनेटवर एका टोकाने चिकटवले. आख्खं गाव जमलं.

"अको नेककदम," अको म्हणजे दादा, "कुणाशी जमवलंत समोवारचं?"

"वरात कधी?"

मी लाजले आणि चिडलेही. उस्तो पुढच्या सीटवर बसला आणि नेककदमला नदीकाठच्या रस्त्याने मला पळवायला सांगून काचेतून धाग्यांकडे बघत राहिला. काचेजवळचे धागे दबून वेडेवाकडे वळवळत होते. मधल्या भागात, जरा पुढे, लाल आणि पिवळे धागे मात्र ताठ उभे राहिले.

"तिथून वारा वर ओढतोय," तो म्हणाला. "भोक तिथे."

खडूच्या खुणा झाल्या. मग बॉनेट उलटं करून, खालच्या पट्ट्या चुकवून, त्याने चारही कोपऱ्यांना छिद्रं पाडली आणि पत्रा कापायला घेतला. मित्रांनो, ज्या आरशाचा मला तोरा, तोच कापला जात होता. सगळं संपलं असं मला वाटलं. त्याने कडा कानशीने घासल्या, गंज चढू नये म्हणून रंग लावला आणि एका भंगार बसच्या इंजिनाचं झाकण कापून त्याच्या तिरप्या पट्ट्या, तोंडं मागे करून, दोन्ही भोकांवर बोल्टांनी आवळल्या. वितळलेला बर्फ इंजिनाच्या तारांवर ठिबकू नये म्हणून खाली चहाच्या डब्याचा पत्रा उतरता बसवला.

नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, आम्ही निघालो. चढ लागला. नेककदमची नजर उष्णतेच्या काट्यावर, गुलंदोमची रस्त्यावर. सातव्या वळणावर त्याने पाय ब्रेकवर ठेवला.

"का थांबलात?"

"सवयीने," तो ओशाळून म्हणाला.

वाफ नव्हती. झरोक्यांतून फक्त गरम हवा थरथरत वर जात होती. तो पुन्हा निघाला, आणि आठवं वळण मी त्या इंजिनानिशी पहिल्यांदा न उकळता बघितलं. मला रडता येत नाही, नाहीतर रडले असते.

सवसन दारातच उभी होती. इंजिनाच्या आवाजाच्या रोखाने, हात पुढे करून ती माझ्यापर्यंत आली. गुलंदोम खाली उतरली, पण सवसन तिच्या खांद्यापलीकडे बघत राहिली. तिची नजर नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेली होती. निरोप आमच्यापर्यंत पोचला नव्हता.

गुलंदोमने तिचे हात धरून आपल्या तोंडाकडे नेले.

"थांब," सवसन म्हणाली, "माझे हात गार आहेत."

तिचा तळवा माझ्या बॉनेटला लागला होता. चाचपडत तिने झरोके शोधले, त्यांवर दोन्ही तळवे धरले आणि चांगले ऊन केले. मग तिने बहिणीचं कपाळ, डोळे, गाल, सगळं सावकाश हातांनी बघितलं.

"सुरकुतलीस गं," ती म्हणाली, "आणि चूल बरोबर घेऊनच आलीस."

नेककदम माझ्या मागे जाऊन उभा राहिला. मी पाठीवर त्याचा हात ओळखला.

आता माझ्या पट्ट्यांत गुलंदोमने एक लाल धागा बांधला आहे. धूळ बसली की ती स्वतः ब्रशने झाडते. मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या यंत्रांकडे अधूनमधून लक्ष द्या. ती उकळायच्या आधी कुरकुरतात, ते ऐका. वाट काढायला भिऊ नका, पण आधी वारा कुठून वाहतो ते बघा. आणि चढापलीकडे कुणी तुमची वाट बघत असेल, तर फार थांबू नका. आम्ही एका हिवाळ्याने उशिरा पोचलो.