टेकायची खोली

"वर बघू नकोस. त्या दिव्यात कॅमेरा असणार," त्यानं बायकोला दबक्या आवाजात सांगितलं.

"असू दे की. झोपलेल्या बाईचं काय बघणारेत?"

ती दोघं काम करत त्या रुग्णालयाच्या धुलाईघरात नव्या मॅडमनी एक अडगळीची खोली रिकामी करून दोन खाटा टाकल्या होत्या. थकवा आला तर कुणीही टेकावं, कुणी विचारणार नाही. पण आजवर तिथं कुणी फिरकलं नव्हतं. मागच्या साहेबांनीही असंच गोड बोलून विचारलं होतं, "काम कुणाला झेपत नाही?" भाबडेपणानं हात वर केलेले दोघे लवकरच घरी बसले. तेव्हापासून इथं जांभईसुद्धा लोक तोंड फिरवून देत.

बायकोचा चेहरा मात्र उतरला होता. इस्त्रीच्या वाफेत ती उभ्या उभ्या डुलत होती. सकाळी धुतलेलाच गठ्ठा तिनं पुन्हा यंत्रात टाकला होता.

"अहो, मी जाते. काढलं तर काढलं."

"अगं, मग खायचं काय?"

"आधी जगू तरी द्या."

ती आत गेली. त्यानं दार ओढून घेतलं आणि कपड्यांची गाडी दाराला आडवी लावली. तिचं काम मागे पडलेलं दिसता कामा नये. पण मोठ्या चादरीची घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस कायम तीच. त्यानं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि ओढलं. चादर सुटून जमिनीवर पडली.

"बायको कुठंय?" मागे मॅडम उभ्या होत्या.

तो गाडीसमोर सरकला. "स्टोअरला गेलीय. येईलच आता."

मॅडमनी गाडीकडे पाहिलं, मग दाराकडे. गाडीतली दुसरी चादर उचलून त्या म्हणाल्या, "सांगा, कसं धरायचं?"

आता ही काय नवी चाल? त्यानं टोकं धरली. दोघं जवळ आले, मॅडमनी भलतंच टोक दिलं, घडीला पीळ पडला. त्या मोठ्यानं हसल्या.

"हळू, मॅडम!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

बायको आत झोपलीय, ते आपणच सांगून बसलो, हे त्याला कळलं. त्यानं त्यांचा चेहरा निरखला. काहीच कळेना. मॅडमनी पीळ सोडवला, आणि चादर ताणायला पावलं न वाजवता मागे सरकल्या. त्यानंही मग आपली टोकं घट्ट धरली.