उपाशी पिल्लू आणि दोन सभ्य माणसं

धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी सासूबाई गेल्या, सोबतीला थोरली मुलगीही गेली, आणि घरात उरले सासरे आणि थोरले जावई.

सासरे शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन दिवसभर खडखडत असे. जावयाचं चष्म्यांचं दुकान रस्त्यापलीकडे. दोघंही भले, आणि एकमेकांशी तर इतके भले की बघणाऱ्यालाच अवघडायला व्हावं. एका घरात राहून वर्षं लोटली, तरी दारातून आत शिरताना "आधी आपण", "छे छे, आपण" असं सुरू व्हायचं, आणि तेवढ्यात मांजर आत जाऊन दूध संपवून परतही यायचं.

परसात सासूबाईंनी टर्कीची जोडी पाळली होती. मादी अंड्यांवर बसलेली. "फक्त कुंपणाकडे लक्ष ठेवा," असं त्या निघताना बजावून गेल्या. दोघांनी लक्ष ठेवलंही, पण एक बाजू सासऱ्यांना वाटलं जावई बघतील आणि जावयाला वाटलं सासरे बघतील. नेमका त्याच बाजूने कुत्रा शिरला.

सकाळी जावई परसात गेला तेव्हा मादी कुत्र्याच्या तोंडी गेली होती आणि अंडी फुटून विस्कटली होती. नर मात्र पिसारा फुगवून रुबाबात फेऱ्या मारत होता, जणू ही शेजारच्या घरातली भानगड. जावई खाली मान घालून उभा राहिला. एवढ्यात कवचांच्या ढिगाखालून बारीकशी चिवचिव आली. त्याने हात घातला तर ओल्या कापसाच्या बोळ्यासारखं एक पिल्लू हाताला लागलं.

सासऱ्यांनी खोक्यात कापडाच्या चिंध्या अंथरल्या. जावयाने दुकानातला टेबलावरचा दिवा आणून वर टांगला. ऊब मिळाली, पिल्लू सुकलं, फुललं, गोंडस दिसू लागलं. पाण्यात चोच बुडवली तर पाणीही प्यालं. पण खायचं म्हणाल तर नाव नाही! उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं, धान्य भरडून ठेवलं, हिरवा पाला बारीक चिरून ठेवला. पिल्लू त्यावर उभं राहून भिंतीकडे बघत होतं.

शेवटी जीव मुठीत धरून सासूबाईंना फोन केला. त्या आधी मादीसाठी हळहळल्या, मग दोघांची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि मग म्हणाल्या, "अहो, त्याला काय कळतंय खायचं कसं! आईचं बघून शिकतात ती. तुम्ही खाऊन दाखवा."

दोघं खोक्याजवळ जमिनीवर बसले.

"आपण सुरुवात करावी," जावई म्हणाला. "आपण थोरले."

"छे, छे. आपण जावई. आधी आपण."

हा मान एकमेकांना देईपर्यंत पिल्लू उभ्या उभ्या पेंगलं.

मग सासऱ्यांनी बोटांची चोच करून दाण्यांवर टकटक केली. जावयानेही केली. सासरे मशीनच्या वेगाने टोचत होते. जावयाला वाटलं, यानं पिल्लू घाबरत असेल.

"बाबा, थोडं सावकाश केलं तर… म्हणजे आपलं चूक नाहीच, पण…"

"आपण म्हणता तेच योग्य असणार," असं म्हणून सासरे पहिल्यासारखेच टोचत राहिले.

दुपार कलली. पिल्लाचे पाय लटपटायला लागले, डोळे मिटायला लागले. सासऱ्यांनी कपाटातून औषधाचा ड्रॉपर काढला, अंडं पाण्यात कालवलं आणि पिल्लू उचलून त्याची चोच उघडायला घेतली.

"बाबा, जोर करू नये असं मला वाटतं. श्वासनळीत जाईल."

"नाही जाणार."

"बाबा, कृपा करून…"

"दोन थेंब फक्त."

"अहो, नको म्हणतोय ना! मरेल ते!"

सासऱ्यांनी पिल्लू हळूच चिंध्यांवर ठेवलं.

"तुम्ही माझ्यावर ओरडलात?"

"ओरडलो," जावई म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते.

"मग इतकी वर्षं काय मिठाची गुळणी धरून बसला होतात?"

"काय बोलू? तुम्ही शिवलेल्या शर्टात मला नीट श्वास घेता येत नाही, बोलणं तर लांबच! हात वर केला की काखेत आवळतं. एकही शर्ट असा नाही की ज्यात मी वरच्या फळीवरचा डबा काढू शकेन!"

शिंप्याला त्याच्या तोंडावर असं बोलायचं! मग सासरेही पेटले.

"आणि तुमचा हा चष्मा? सुई ओवायला मान खाली घातली की नाकावरून घसरलाच! एका हाताने चष्मा धरायचा, दुसऱ्याने दोरा. मग सुई काय दातांत धरू?"

"मग सांगायचं नाही?"

"जावयाला कसं सांगायचं! हे बघा, हे असं होतं…" म्हणत सासऱ्यांनी मान तावातावाने खाली घातली. चष्मा घसरला आणि थेट खोक्यात पडला.

टक्.

दोघं जागच्या जागी थिजले. पिल्लाने मान तिरकी केली, दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या काचेकडे एका डोळ्याने पाहिलं आणि पुन्हा चोच मारली. टक्, टक्.

"त्याला चमकतं ते दिसतंय!" जावई पुटपुटला.

"थांबा," म्हणत सासरे चष्म्याविना धडपडत मशीनपाशी गेले आणि कोटाची पितळी बटणं घेऊन आले, गिळता येणार नाहीत अशी चांगली थोराड. जावयाने ती शर्टाला पुसून लखलखीत केली आणि कुस्करलेल्या अंड्यात पेरली. पिल्लाने बटणावर चोच मारली. ती घसरली, अंड्यात रुतली, आणि वर आली तेव्हा टोकाला पिवळा कण होता. पिल्लू क्षणभर विचारात पडलं. मग त्याने तो कण गिळला आणि दुसऱ्यासाठी वाकलं.

"खाल्लं!" सासरे ओरडले आणि त्यांनी जावयाच्या पाठीत असा धपाटा घातला की शर्टाची काखेतली शिवण टरकन उसवली.

"आता बरं वाटतंय," जावई म्हणाला, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्या दिवसापासून दोघांचं जेवण खोक्याशेजारी जमिनीवरच होऊ लागलं, कारण समोर कुणी खाणारं असलं की पिल्लू दुप्पट खायचं. आणि दोघं वाद घालत जेवत असतील तर चौपट. वादाला विषयांची वाण नव्हती. वर्षानुवर्षांचा साठा होता.

बाळबाळंतीण सुखरूप आहेत हे पाहून मायलेकी परतल्या, तेव्हा फाटकापर्यंत आवाज येत होता.

"तुम्हाला मीठ म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

"तुम्हीच करा मग उद्यापासून स्वयंपाक!"

सासूबाईंच्या हातातली पिशवी गळून पडली. आपल्या माघारी दोघांचं फाटलं, या धास्तीने त्या धावतच आत शिरल्या. "अहो, थांबा! काय चाललंय हे?"

जमिनीवर ताटं घेऊन बसलेल्या दोघांनी एकदम मान वर केली. त्यांच्या मधोमध, सासऱ्यांच्या ताटात दोन्ही पाय रोवून, चांगलं धष्टपुष्ट झालेलं पिल्लू भातावर ताव मारत होतं.

"हळू बोल," सासरे दबक्या आवाजात म्हणाले. "ते जेवतंय."